शिंपल्याच्या ठशाचा डॉलर

एका बंदराच्या गावात रामनाथशेट नावाचा एक पोतदार राहत होता. पोतदार म्हणजे नाणी पारखणारा माणूस. खरं कुठलं, खोटं कुठलं, खऱ्यातही पुऱ्या मोलाचं कुठलं आणि झिजून हलकं झालेलं कुठलं, हे सांगायचं आणि नाण्यामागे एक पैसा घ्यायचा, एवढाच त्याचा धंदा. त्याचे आजोबा हेच करत, वडील हेच करत, आणि रामनाथशेटला दुसरं काही येतही नव्हतं. समुद्रकाठी जन्म काढून त्याला पोहता येत नव्हतं. त्यानं गाणं म्हटलं तर घरातली मांजर उठून अंगणात जाई. पण कान मात्र असा तयार, की नाणं दगडावर पडलं की पाठ फिरवून बसलेला असला तरी तो सांगे, ‘हे खरं आहे, पण काठाला कोणीतरी घासलंय.’

त्या बंदराला नाना देशांची गलबतं लागत आणि त्यांच्याबरोबर नाना देशांची नाणी येत. पण गावाची खरी माया होती ती अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरवर. चांगलं पेढ्याएवढं वजनदार नाणं. एका बाजूला पंख पसरलेला गरुड, आणि दुसऱ्या बाजूला मालाच्या गाठोड्यांवर बसून समुद्राकडे हात केलेली बाई. ही बाई म्हणजे त्यांची स्वातंत्र्याची देवता, असं गलबत हाकणाऱ्या एका तांडेलानं गावाला समजावून सांगितलं होतं. गावाला ते पटलं नाही. गाठोड्यांवर बसलीय आणि समुद्राकडे हात करतेय, म्हणजे ती होडीची वाट बघणारी बाईच असणार, असं गावातल्या बायकांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून त्या नाण्याचं नाव पडलं ‘बसकी बाई’.

बसकी बाई पारखण्याची रामनाथशेटची एक ठरलेली रीत होती. आधी तो ती उन्हात धरून बघे. अक्षरांच्या कडा ठसठशीत आहेत का, काठावरच्या रेघा सारख्या अंतरावर आहेत का, आणि काठावरून साच्याच्या जोडाची बारीक रेघ तर फिरलेली नाही ना. ओतून बनवलेल्या खोट्या नाण्याला ती रेघ हटकून राहते. मग तो तिला काट्यात घाली. खरी बसकी बाई दोन तोळे चार मासे भरायची. अर्धा मासा कमी भरली तर मोलही तेवढं कमी. गावातल्या बायका लक्ष्मीपूजनाला नाणी चिंच आणि राख लावून लख्ख घासत. ‘अहो, दरसाल घासता, दरसाल तिचं वजन उतरतं, आणि मग मलाच विचारता की मोल का उतरलं,’ असं तो दर दिवाळीला हात जोडून सांगे. कोणी ऐकत नसे.

आणि सगळ्यात शेवटी तो नाणं वाजवी. त्याच्या ओटीवर काळ्या फत्तराची एक लादी होती. तिच्यावर वीतभर उंचीवरून नाणं सोडायचं. खरं नाणं ‘खण्ण’ म्हणे आणि तो आवाज थोडा वेळ हवेत राही. खोटं ‘ठप्’ म्हणून गप्प होई. डोळे फसतात, काटाही फसतो, पण आवाज फसवू शकत नाही, असं रामनाथशेटचे वडील म्हणत असत.

एवढं सगळं झालं, की तो एक लहानसा पोलादी ठसा घेऊन नाण्याच्या काठाजवळ हातोडीनं टिचकी मारी. तिळाएवढा शिंपला उमटे. तो शिंपला दिसला की बाजारात पुढे कोणी काही विचारत नसे. तेल्यापासून तांडेलापर्यंत सगळे ते नाणं डोळे मिटून घेत. कारण वडिलांच्या वेळेपासूनचा शब्दच होता तसा: शिंपला असलेलं नाणं खोटं निघालं, तर पोतदार ते परत घेईल आणि खरं देईल. इतक्या वर्षांत तशी वेळ एकदाही आली नव्हती. रामनाथशेटला त्याचा अभिमान होता, आणि जेवणाच्या पंगतीत तो ही गोष्ट जरा जास्तच वेळा सांगे.

या रामनाथशेटच्या मुलीचं, मथुरेचं, लग्न ठरलं. स्थळ खाडीपलीकडचं होतं. मुलाचे वडील अच्युतशेट नारळ-सुपारीचे मोठे व्यापारी. घर चांगलं, मुलगा समंजस, आणि मथुरेलाही तो मनापासून आवडलेला. साखरपुड्याला अच्युतशेट वीस माणसं घेऊन आले. ओटीवर पंगत बसली, खीर दुसऱ्यांदा वाढून झाली, आणि अच्युतशेटांनी कमरेची एक जड पिशवी सोडून रामनाथशेटच्या पुढे ठेवली.

“व्याही, साठ बसक्या बाया आहेत. लग्नाची खरेदी तुमच्याच बाजारात करावी म्हणतो. तेवढा तुमचा शिंपला मारून द्या,” ते म्हणाले, आणि काळ्या लादीकडे बघून हसत पुढे म्हणाले, “वाजवा हो, संकोच करू नका.”

आता आली का पंचाईत! ‘वाजवा’ असं व्याह्यांनी तोंडानं म्हटलं म्हणून काय खरंच वाजवायचं? वीस वऱ्हाडी बघतायत. एकेक नाणं दगडावर आपटून त्यांच्यासमोर कान लावून बसायचं, म्हणजे व्याह्यांना तोंडावर चोर म्हटल्यासारखंच की. रामनाथशेटचा हात सवयीनं पिशवीकडे गेला, तेवढ्यात दाराआडून सुभद्राबाई खोकल्या. बायकोच्या खोकल्यांमधला फरकही रामनाथशेटच्या तयार कानाला नीट कळत असे. हा खोकला म्हणजे ‘खबरदार’.

“छे छे, भलतंच काय!” तो म्हणाला. “तुमचं नाणं वाजवायचं म्हणजे देवाच्या नैवेद्याची चव घेऊन बघण्यासारखं झालं.”

सगळी पंगत खूष झाली. कोणीतरी ‘वा!’ म्हणालं. रामनाथशेटनं नाणी वरवर बघितली. अक्षरं ठसठशीत होती, काठ स्वच्छ होते. चार-दोन काट्यात घातली, तीही बरोबर दोन तोळे चार मासे भरली. मग त्यानं हातोडी घेतली आणि टकटक करत साठही नाण्यांवर शिंपले उमटवले. पैसाही घेतला नाही.

नाणी परत पिशवीत ओतताना मात्र एक गोष्ट घडली. खणखणाटात मधेच एक ‘ठप्’ ऐकू आलं. फार हलकं, दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. रामनाथशेटला कळलं. त्याचा हात एक क्षण थांबला. मग तो नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडला, “अगं, खीर आण! व्याह्यांच्या वाटीत खीर कुठाय?”

आणि खीर आली, आणि तो विषय तिथेच राहिला.

दहा-बारा दिवस गेले. अच्युतशेटांनी बाजारात खरेदीचा धडाका लावला होता. मांडवाचं कापड, पितळेची भांडी, सुंभ, नारळ. शिंपल्याची नाणी या हातातून त्या हातात गेली. लग्न पंधरा दिवसांवर आलं. आणि एका सकाळी आवडाबाई नावाची एक बाई रामनाथशेटच्या ओटीवर येऊन बसली. तिची दहा माडांची लहानशी वाडी होती. लग्नासाठी तिनं अच्युतशेटांना तीनशे नारळ दिले होते.

तिनं पदराची गाठ सोडली आणि एक बसकी बाई काढून समोर ठेवली. नाण्याचे मधोमध दोन तुकडे झाले होते. वरून चांदी, खालून चांदी, आणि मधे काळंभोर शिसं.

“शेटानू, ह्या निशाण तुमचाच मां?” तिनं विचारलं. “नातीचा बारसा आसा. तिच्या वाळ्यांक चांदी व्हयी म्हणान सोनाराकडे गेलंय. त्येना छिनी मारल्यान आणि आतसून शिसा भायर इला.”

रामनाथशेटनं तुकडे हातात घेतले. नाण्याच्या दोन्ही बाजू खऱ्या होत्या. कोणीतरी कसबी माणसानं खरा डॉलर पातळ कापून पोटातली चांदी काढून घेतली होती, आणि तिथे शिसं भरून तो पुन्हा बेमालूम जोडला होता. म्हणून अक्षरं ठसठशीत होती आणि म्हणूनच वजन बरोबर भरत होतं. असली लबाडी एकाच ठिकाणी उघडी पडते, काळ्या लादीवर. आणि गरुडाच्या शेपटीजवळ तिळाएवढा शिंपला होता, त्याच्याच हातचा.

“माझंच आहे, आवडाबाई,” तो म्हणाला. त्यानं लगेच आतून खरा डॉलर आणला, तिच्यासमोर दोनदा वाजवला आणि तिच्या हातावर ठेवला. “नातीला माझा आशीर्वाद सांगा.”

“तुमी आसात म्हणान बरा,” आवडाबाई म्हणाली आणि समाधानानं निघून गेली. ते शब्द रामनाथशेटला शिवीपेक्षा जास्त लागले.

सुभद्राबाईंनी दाराआडून सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “दिलंत ना बदलून? मिटलं. आता याची वाच्यता नको. लग्न पंधरा दिवसांवर आहे.”

मिटलं कसलं! त्या दिवशी रामनाथशेट जेवायला बसला आणि त्यानं सोलकढी मागितली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं, म्हणून सुभद्राबाई घाबरल्याच. तो भात चिवडत बसला होता आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. साठ नाण्यांत असली किती असतील, कोण जाणे. ती आता गावभर पसरली होती, आणि सगळ्यांवर त्याचा शिंपला होता. गप्प राहावं, तर कधीतरी कोण्या गरिबाच्या हाती शिसं येणार. बोलावं, तर नाणी कोणाकडून आली हे अख्खा बाजार जाणतो. व्याह्यांची अब्रू जाणार, आणि ते उलटले तर मथुरेचं लग्न मोडणार. एका बाजूला बापजाद्यांचा शब्द, दुसऱ्या बाजूला पोटची मुलगी. काट्याची दोन्ही पारडी अशी जड झालेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

मथुरा ताक वाढायला आली. तिनंही सगळं ऐकलं होतं. ती खाली बसली आणि म्हणाली, “बाबा, त्या दिवशी तुम्हाला तो आवाज ऐकू आला होता ना?”

रामनाथशेट मान खाली घालून भात चिवडतच राहिला.

“मला आत चुलीपाशी ऐकू आला होता. मी तुमचीच मुलगी.” मथुरेचे डोळे भरून आले, पण ती थांबली नाही. “मला ते घर आवडतं, बाबा. पण खरं बोलल्यामुळे मोडणारं असेल तर ते आत्ताच मोडू दे. नाणं न वाजवता घेतलंत. मला तरी न वाजवलेल्या घरात पाठवू नका.”

सुभद्राबाई पुन्हा खोकल्या. पण या वेळचा खोकला रडू आवरण्याचा होता, आणि तोही रामनाथशेटला नीट कळला. त्यानं हात धुतले आणि होडीत बसून तो तडक खाडीपलीकडे गेला.

अच्युतशेट दुकानात सुपारीची पोती मोजून घेत होते. रामनाथशेटनं त्यांना बाजूला घेऊन दोन तुकडे दाखवले आणि सगळं सांगितलं. अच्युतशेटांचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला.

“मी म्हटलं नव्हतं तुम्हाला, वाजवा म्हणून?” ते कडाडले. “वीस माणसांसमोर म्हटलं होतं! मला पारख असती तर तुमच्याकडे पिशवी कशाला आणली असती? ज्या गलबतवाल्यानं मला ती दिली, त्यानं मला पोटभर जेवू घातलं होतं, म्हणून मी त्याच्याकडे नाण्यांची खात्री मागितली नाही. म्हटलं, आपले व्याही बघतीलच वाजवून!”

आता रामनाथशेटला उमगलं. व्याह्यांचं ते ‘वाजवा हो’ अगदी मनापासूनचं होतं, आणि त्यानं तो नुसता शिष्टाचार समजून खीर वाढली होती! आपण मान दिला, मान दिला म्हणून जे मिरवलं, तो मान नव्हताच. ती आपली भीड होती, आणि तिनं व्याह्यांनाच खड्ड्यात घातलं.

“चूक माझीच आहे,” तो म्हणाला. “उद्या बाजाराचा दिवस. मी लादी बाजारात मांडतो. माझ्या शिंपल्याचं जे खोटं निघेल ते बदलून देतो.”

“बाजारात?” अच्युतशेटांचा आवाज एकदम खाली आला. “अहो, बोंब कशाला करता? जो तक्रार घेऊन येईल त्याला गुपचूप बदलून देऊ. निम्मी मी देईन.”

“जो येईल त्याला देऊ. पण ज्याला कळणारच नाही, त्याचं काय? तो तर शिंपल्यावर विसंबून स्वस्थ बसलाय.”

“गाव विचारेल, नाणी कोणाची होती.”

“मी सांगणार नाही.”

“तुम्ही सांगायला कशाला हवंय? गावाला डोळे आहेत!” अच्युतशेटांनी पाठ फिरवली आणि पुन्हा पोती मोजायला घेतली. “लादी मांडायची तर मांडा. मग मी तुमच्या मांडवात येईन की नाही, हे मला आज सांगता येणार नाही.”

रामनाथशेट होडीत बसून परत आला. पोहता येत नाही याचं त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच काही वाटलं नाही, कारण गटांगळ्या तर त्यानं कोरड्या जमिनीवरच खाल्ल्या होत्या. घरी येताच त्यानं दवंडीवाल्याला बोलावून काय पुकारायचं ते सांगितलं. दवंडीवाल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“शेट, ‘शेटनं न वाजवता ठसा मारला’ हे पण ओरडू?”

“ते आधी ओरड.”

दुसऱ्या दिवशी बाजारात मासळीपेक्षा जास्त गर्दी काळ्या लादीभोवती होती. रामनाथशेट गोणपाट अंथरून बसला होता. बाजूला एक लहानसा गडू, त्यात जावयाला द्यायच्या चांदीच्या ताटासाठी वर्षभर जमवलेले डॉलर. सुभद्राबाईंनी स्वतः तो आणून ठेवला होता, आणि ठेवताना त्या खोकल्या नव्हत्या.

पहिला आला न्हावी. त्याचं नाणं दहा वर्षांपूर्वीचं होतं, पण शिंपला आहे म्हटल्यावर त्यालाही धाकधूक. खण्ण! न्हाव्याचा जीव भांड्यात पडला. मग भांडीवाला आला. खण्ण. मग कापडवाला. ठप्! गर्दीतून ‘अगाई गं’ असा सूर निघाला. रामनाथशेटनं ते नाणं छिनीनं कापून सगळ्यांना आतलं शिसं दाखवलं, आणि गडूतलं खरं नाणं वाजवून कापडवाल्याला दिलं. “चूक माझी,” तो प्रत्येक वेळी म्हणे. “न वाजवता ठसा मारला.”

“कोणाची होती हो ही नाणी?” मागून कोणीतरी मुद्दाम विचारलं.

“ठसा माझा होता,” रामनाथशेट म्हणाला, आणि पुढचं नाणं घेतलं.

आधी लोक कुजबुजत होते. मग हळूहळू त्यांना त्यात गंमत वाटू लागली. नाणं पडलं की आधी सगळे श्वास रोखून धरत आणि मग एकदम ओरडत, ‘खरं!’ किंवा ‘खोटं!’ एक तासात अर्ध्या गावाला पारख आली. एक बहिरे आजोबा तेवढे प्रत्येक नाण्याला न चुकता ‘खरं!’ म्हणत होते, आणि लोक त्यांच्या पाठीवर थाप मारून हसत होते. एका कोळणीनं तर पापलेट ठोकत ओरडून विचारलं, “शेट, मासा पण वाजवून दाखवशील काय? माझ्या गिऱ्हाइकाला ताजा वाटत नाय!” रामनाथशेटलाही हसू आलं. कालपासून पहिल्यांदाच.

जुनी नाणी सगळी खरी निघाली. खोटी निघाली ती गेल्या दहा-बारा दिवसांतली. दुपारपर्यंत गडूच्या तळाला चारच डॉलर उरले. चांदीचं ताट जाऊन आता जेमतेम एक वाटी होईल, एवढंच. रांगेत अजून माणसं होती. आणि एकाएकी ती रांग गप्प झाली.

माडी काढणाऱ्या एका भंडाऱ्याच्या मागे अच्युतशेट उभे होते. हातात तीच पिशवी, बरीच हलकी झालेली.

रामनाथशेट गडबडीनं उठला. “व्याही, या, या, पुढे बसा. पाणी आणा रे कोणीतरी!”

“बसा तुम्ही,” अच्युतशेट म्हणाले. “मी रांगेत आहे.”

भंडाऱ्याचं नाणं खरं निघालं. तो बाजूला झाला. अच्युतशेटांनी पिशवी लादीशेजारी रिकामी केली. वीसेक नाणी होती. सगळा बाजार टाचा उंचावून बघत होता. रामनाथशेटनं एक उचललं. खण्ण. दुसरं. खण्ण. तिसरं उचललं, आणि ते लादीवर धरून तो थांबला. ते नाणं चिमटीत धरल्यावरच त्याला काहीतरी वावगं वाटलं होतं. आता ते सोडायचं, आणि अख्ख्या बाजारासमोर, मुलीच्या सासऱ्याच्या तोंडावर तो शब्द उच्चारायचा. इतका वेळ ‘खोटं’ म्हणणारी गर्दीही या वेळी त्याच्या मदतीला येईना. लोक दोघा व्याह्यांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं बघत उभे राहिले.

त्यानं नाणं सोडलं. ठप्.

“खोटं,” रामनाथशेट म्हणाला. पण आवाज फुटला नाही.

अच्युतशेटांनी कानाला हात लावला. “मोठ्यानं बोला की हो. मागच्यांना ऐकू गेलं नाही.”

रामनाथशेटनं मान वर केली. व्याह्यांच्या मिशीच्या एका टोकाला हसू होतं. अजून सगळ्या मिशीभर पसरलं नव्हतं, पण होतं.

“खोटं!” रामनाथशेट छातीभर श्वास घेऊन ओरडला.

“खोटं!” बाजारानं जोरात साथ दिली. “खरं!” बहिरे आजोबा म्हणाले.

मग काही बंधनच राहिलं नाही. व्याही पण हसले, बाजार पण हसला. हसू ओसरल्यावर अच्युतशेट गोणपाटावर रामनाथशेटच्या शेजारी मांडी घालून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “नाणी माझी होती. काल मला राग आला, खोटं कशाला सांगू. पोतदार गेल्यावर मी यातलं एकेक नाणं घरच्या पाट्यावर आपटून पाहिलं. मला सगळी सारखीच वाटली. तेव्हा ध्यानात आलं, की मी यांच्याकडे कान मागायला गेलो होतो आणि यांनी मला खीर वाढली.” मग ते रामनाथशेटकडे वळले. “आज दिलात तो कान. उशिरा दिलात, पण दिलात. आता गडू बाजूला ठेवा. उरलेल्यांना माझ्या पिशवीतली खरी नाणी द्या. दोघांची चूक आहे, एकट्यानं पुण्य कशाला कमावता?”

रामनाथशेटच्या डोळ्यांना धारा लागल्या. बाजारात, दिवसाढवळ्या, अर्ध्या गावासमोर. त्यानं त्या पुसल्याही नाहीत.

त्या दिवशी जी नाणी खरी ठरली, त्यांवर त्यानं पहिल्या शिंपल्याशेजारी दुसरा शिंपला मारला. गंमत अशी झाली, की पुढे बाजारात दोन शिंपल्यांची बसकी बाई एका शिंपल्याच्या बाईपेक्षा दोन आणे जास्त मोलानं चालू लागली. चांदी तेवढीच, वजन तेवढंच. एका परक्या बंदराच्या व्यापाऱ्यानं याचं कारण विचारलं, तेव्हा आवडाबाई त्याला म्हणाली, “पयलो शिंपलो नाण्याचो. दुसरो पोतदाराचो.”

मथुरेचं लग्न ठरल्या मुहूर्तावर थाटात लागलं. जावयाला चांदीच्या ताटाऐवजी एक वाटी मिळाली, आणि जावयानं त्याच वाटीतून चार वेळा खीर मागून घेतली. आहेराची वेळ आली तेव्हा अच्युतशेटांनी आपल्या दोन माणसांना धाडून ओटीवरची काळी लादी उचलून मांडवात आणवली. “माझा आहेर आधी वाजवा,” ते म्हणाले, “मग बाकीच्यांचा.” रामनाथशेटनं वाजवला. खण्ण आवाज झाला, आणि मांडवभर टाळ्या पडल्या. मग मामा आले, आत्या आल्या, आणि ज्याच्या-त्याच्या नाण्याला तोच मान हवा झाला.

तेव्हापासून त्या गावात तशी रीतच पडली. लग्नात आहेराचं नाणं सगळ्यांदेखत दगडावर वाजवून घेतात, आणि पहिला मान व्याह्यांचा असतो. एखादा भिडस्त यजमान ‘राहू द्या हो, तुमचं काय वाजवायचं’ म्हणाला, तर व्याही रुसून बसतात, आणि वाजवून घेतल्याशिवाय जेवायला उठत नाहीत.

तात्पर्य: भिडेपोटी डोळेझाक करणं म्हणजे मान देणं नव्हे; जो आपल्या माणसाला त्याच्या तोंडावर खरं सांगतो आणि स्वतःची चूक चारचौघांत कबूल करतो, त्याच्याच शब्दाला मोल येतं.